दोन देशांची वेळ, एका मनगटावर

 आम्ही पुण्यातून बोलतोय. आज घड्याळाचा इतिहास सांगायचा आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात घड्याळ कुठून आलं असं वाटेल, म्हणून आधी आमच्या मासिक बैठकीत काय झालं ते सांगतो.

आमचा गट बारा जणींचा. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि अंतर्गत कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एकीला मुलाच्या फीसाठी हवे होते, एकीला शिलाई मशीनच्या दुरुस्तीला. मग एक ताई जरा दबकतच म्हणाल्या, "मला दोन हजार पाहिजेत. पोरीला घड्याळ घ्यायचंय."

सगळ्या हसल्या. गटातल्या वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, दवाखान्याला दिले, बाळंतपणाला दिले, घड्याळाला कधी दिलेत का आपण? हातात मोबाईल आहे ना तिच्या? त्यात वेळ दिसत नाही का?"

त्या ताईंनी मग मुलीचं सगळं सांगितलं. मुलगी रात्री एका ऑफिसात अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेते आणि पहाटे पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करते. ऑफिसात कामाच्या जागी मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर कप्प्यात ठेवावा लागतो. मैदानावर मोबाईल हातात धरून पळता येत नाही. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि सेकंदांवर गुण कमी-जास्त होतात. म्हणून तिला असं घड्याळ हवं होतं, की ज्यात पळण्याची वेळ मोजता येईल, पाणी आणि घाम लागला तरी चालेल, पुण्याची आणि न्यूयॉर्कची अशा दोन्ही वेळा दिसतील आणि तिच्या बारीक मनगटावर बसेल.

यातली शेवटची अट सगळ्यात अवघड निघाली. मायलेकी दुकानात गेल्या, तर बायकांची म्हणून दाखवलेली घड्याळं नखाएवढ्या तबकडीची, खडे लावलेली. त्यात सेकंद काटासुद्धा नाही. पळायची म्हणून दाखवलेली पुरुषांची घड्याळं मनगटावर वाटी पालथी घातल्यासारखी. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी घड्याळ हातावर फिरायचं.

बैठकीत त्या दिवशी निर्णय झाला नाही. मावशी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात बघू." आम्ही गटाच्या सहयोगिनी म्हणून ठरवलं, की तोवर जरा वाचून काढू. दोन देशांच्या दोन वेळा आल्या कुठून? बायकांची घड्याळं एवढी लहान का? जे मिळालं ते पुढच्या बैठकीत सांगितलं आणि तेच आज तुम्हालाही सांगतो.

आपल्या आज्या-पणज्यांकडे घड्याळ नव्हतं, पण वेळ होती. शुक्राची चांदणी वर आली की उठायचं, जात्यावर बसायचं. कोंबडा आरवला की सडा. उंबऱ्यावर ऊन आलं की भाकऱ्या. दिवसाचे आठ प्रहर आणि साठ घटका असायच्या. एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटं. लग्नात ती मोजायला घटिकापात्र ठेवत. पाण्याच्या भांड्यात बारीक भोकाची वाटी सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. पेशवाईत पुण्यात रात्री तोफ उडायची आणि त्यानंतर रस्त्यावर हिंडायला बंदी असायची. म्हणजे वेळ डोळ्यांनी आणि कानांनी कळायची, आणि ती त्या त्या गावाची असायची. पुण्यात सूर्य डोक्यावर आला की पुण्याचे बारा. नागपूरला तो आधी डोक्यावर येणार, मुंबईला थोडा नंतर. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

हे बदललं आगगाडीमुळे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ झाले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचं काम पुरं होऊन मुंबई-पुणे सलग गाडी धावू लागली. आता प्रत्येक गावाची वेळ वेगळी ठेवली तर गाडी किती वाजता सुटणार हे सांगायचं कसं? म्हणून १८८० च्या सुमारापर्यंत बहुतेक रेल्वे कंपन्यांनी सगळीकडे मद्रासची वेळ धरली. मद्रास पुण्याच्या पूर्वेला, म्हणून ती वेळ पुण्याच्या सूर्यापेक्षा साधारण २६ मिनिटं पुढे. सूर्याकडे बघून स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी चुकायचीच. एका गावात दोन वेळा असणं हे कॉल सेंटरपासून सुरू झालेलं नाही मैत्रिणींनो. ते पुणे स्टेशनावर दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं.

मुंबईकरांना हे पटलं नाही. १८८१ मध्ये सरकारने मुंबईत मद्रासची वेळ लागू करून पाहिली. लोकांनी एवढा विरोध केला, की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

आता हे १८८३ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. आपल्यातल्या पुष्कळजणींनी त्यांच्यावरची मालिका किंवा सिनेमा पाहिला असेल. कल्याणला वाढलेली, नऊ वर्षांची असताना लग्न झालेली ही मुलगी १८ वर्षांची असताना ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. ती तिथे शिकत होती, तेव्हाच १८ नोव्हेंबर १८८३ या रविवारी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी आपली सगळी घड्याळं एकदम बदलली. त्याआधी तिथल्या रेल्वेच्या पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या वेळा होत्या. त्या मोडून देशाचे मोजके पट्टे पाडले. एका पट्ट्यात एक वेळ, शेजारच्या पट्ट्यात बरोबर एक तासाचा फरक. आज आपल्या ताईंची मुलगी ज्या न्यूयॉर्कच्या वेळेने कामाला जाते, ती वेळ त्या रविवारी ठरली. पुण्याशी नातं असलेली एक मुलगी तेव्हा त्याच पट्ट्यात राहत होती. तिचं घर आणि तिचं कॉलेज यांत जवळजवळ दहा तासांचं अंतर होतं. इकडे रात्र तर तिकडे दिवस. तिला फोन नव्हता. एक पत्र पोचायलाच कित्येक आठवडे लागायचे. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच तिचं निधन झालं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत.

अमेरिकेपाठोपाठ ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला अनेक देशांची परिषद झाली. इंग्लंडमधलं ग्रीनिच हे शून्य धरायचं आणि तिथून पूर्वेला-पश्चिमेला मोजायचं असं तिथे ठरलं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. एवढं गणित आलं की जगातली कुठलीही वेळ समजते.

आपल्या देशाने १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ धरली. ही साडेब्याऐंशी अंशांची रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुणे त्या रेघेच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेनऊ अंशांवर आहे. म्हणून आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्यात सूर्य डोक्यावर नसतोच. सरासरी धरली तर तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला येतो. अंगणात काठी रोवून बघा. सावली सगळ्यात आखूड कधी होते ते लिहून ठेवा.

या नव्या वेळेवरूनही भांडण झालं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. नवी वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाने वाजला, तर कामगाराला सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी घर सोडावं लागणार. जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून गिरणीत कामगारांनी यावरून मोठा विरोध केला. महापालिकेनेही क्रॉफर्ड मार्केटच्या घड्याळात जुनी मुंबईची वेळच ठेवली. ती जुनी वेळ मुंबईत थेट १९५५ पर्यंत टिकून होती. साहेबाला घड्याळाचा काटा सरकवायला एक क्षण पुरतो. पण ज्या बाईला भोंग्याच्या आधी पाणी भरून, भाकरी करून, पोराला पाजून निघायचंय, तिची झोप त्यात जाते.

गिरणीतल्या वेळेसाठी बायकाही बोलल्या होत्या. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांच्या पुढाकाराने एप्रिल १८९० मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची दहा हजारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. तोवर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असायचं आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसायची. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचं काम दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त नसावं असं ठरलं. ११ तास म्हणजे आज फार वाटतात, पण 'इथे काम संपलं' असं घड्याळ पहिल्यांदा बायकांच्या बाजूने बोललं ते तेव्हा.

आता मनगटाकडे येऊ.

आम्हाला वाटत होतं की मनगटी घड्याळ ही पुरुषांची वस्तू, आणि बायकांना ती नंतर मिळाली. खरं तर उलटं आहे. पुरुष घड्याळ खिशात ठेवायचे, साखळीला अडकवून. हातावर बांधायचं घड्याळ बायकांसाठी निघालं. पॅरिसच्या ब्रेगे नावाच्या कारागिराकडे नेपल्सच्या राणीने, म्हणजे नेपोलियनच्या बहिणीने, १८१० मध्ये हातात घालायचं घड्याळ बनवायला सांगितलं. जुन्यातल्या जुन्या मनगटी घड्याळांत त्याचं नाव घेतात. पुढे शंभर वर्षं मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिनाच समजला जाई आणि पुरुषांना ते घालायची लाज वाटायची. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना एका हातात बंदूक धरून खिशातलं घड्याळ काढणं जमेना. तेव्हा त्यांनी ते मनगटावर बांधलं. युद्ध संपल्यावर मनगटी घड्याळ मर्दानी झालं.

ते पुरुषांकडे गेलं तसं मोठं आणि कामाचं झालं. बायकांचं मात्र लहान लहान होत गेलं. १९२९ मध्ये एका स्विस कंपनीने घड्याळाचं यंत्र इतकं बारीक केलं, की त्याचं वजन एका ग्रॅमच्या आसपास होतं. कारागिरी मोठीच म्हणायची. पण तेवढ्याशा तबकडीत धावत्या बाईला वेळ कशी दिसणार? दुकानात त्या मायलेकींना जी नखाएवढी घड्याळं दाखवली, त्यांची गोष्ट अशी जुनी आहे.

बाई आणि कामाचं घड्याळ यांची एक चांगली गोष्टही सापडली. मर्सिडीस ग्लाइट्झ नावाची लंडनमधली टायपिस्ट होती. ऑक्टोबर १९२७ मध्ये तिने इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी पोहून पार केली. लोकांनी शंका घेतली, म्हणून त्याच महिन्यात ती पुन्हा बर्फासारख्या पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्स कंपनीचं पाणी न शिरणारं घड्याळ होतं. थंडीने तिला मध्येच बाहेर काढावं लागलं, पण तोवर दहा तासांहून जास्त वेळ ती पाण्यात होती आणि घड्याळ नीट चालू होतं. कंपनीने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. पाण्यात चालणाऱ्या खेळाच्या घड्याळाची जाहिरात जगात गाजली ती एका नोकरदार पोरीच्या हिमतीवर.

आपल्याकडे काय होतं? लग्नात घड्याळ नवरदेवाला. अंगठी, घड्याळ, सायकल, रेडिओ अशी यादीच असायची आणि मुलीचा बाप कर्ज काढून ती पुरी करायचा. नवरीच्या हातात हिरवा चुडा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला एचएमटीचा सरकारी कारखाना सुरू झाला आणि साध्या माणसाला देशी घड्याळ मिळू लागलं. रोज सकाळी चावी द्यायची आणि आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी टूं टूं वाजलं की काटे जुळवायचे. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, सासरे रेडिओला कान लावून घड्याळ लावायचे. सूनबाई मात्र त्याच रेडिओवर कुठला कार्यक्रम लागला यावरून कुकर कधी लावायचा ते ठरवायची.

मग १९८४ मध्ये टायटन कंपनी निघाली, तमिळनाडूत होसूरला कारखाना झाला. या कारखान्याशी आपलं एक नातं आहे, ते वाचून आम्हाला फार बरं वाटलं. त्या भागात मायराडा नावाची संस्था बचत गटांचं काम करते. तिच्या मदतीने १९९० नंतर गटांतल्या खेड्यातल्या बायकांनी 'मीडो' नावाची स्वतःची कंपनी उभी केली आणि टायटनसाठी घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याच्या कड्या जोडायचं काम घेतलं. आपल्यासारख्याच दर महिन्याला बचत भरणाऱ्या, वहीत सही करणाऱ्या बायका. त्यांच्या हातांनी जोडलेले पट्टे देशभरातल्या मनगटांवर गेले. हे सांगितलं तेव्हा बैठकीत मावशी पहिल्यांदा गप्प झाल्या.

खेळातही एकेका सेकंदाची किंमत बायकांनी मोजली आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. त्यानंतर ३२ वर्षांनी, २०१६ मध्ये, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोचली. आधीच्या फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. तो दिवस १५ ऑगस्टचा. रिओची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. ती तिकडे सकाळच्या उन्हात पळत होती आणि इकडे माणदेशात दिवेलागण होऊन गेली होती. त्या दिवशी मोहीतल्या घराघरांत दोन देशांच्या वेळा माहीत असाव्या लागल्या.

खेळाची दणकट घड्याळंही सुरुवातीला पुरुषांच्याच मापाची निघाली. जपानच्या कॅसिओ कंपनीतल्या किकुओ इबे या इंजिनिअरच्या वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं. तेव्हा पडलं तरी न फुटणारं घड्याळ करायचं त्याने मनावर घेतलं. दोनशेच्या वर नमुने फोडून १९८३ मध्ये ते जमलं. बायकांच्या मनगटासाठी त्याच जातीचं लहान घड्याळ यायला १९९४ साल उजाडलं. ११ वर्षं. म्हणजे मापाचं घड्याळ मागणं हा नखरा नाही. मागितल्याशिवाय कोणी बनवत नाही.

आता थोडं कामाचं सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

आधी माप. मनगटाच्या हाडापाशी दोरा गुंडाळा आणि तो पट्टीवर मोजा. पुष्कळ बायकांचं मनगट १४ ते १६ सेंटिमीटर भरतं. मग मनगटाची वरची सपाट बाजू मोजा. घड्याळाची वरपासून खालपर्यंतची लांबी, म्हणजे जिथे पट्टा जोडतात त्या दोन टोकांमधलं अंतर, या सपाट बाजूच्या बाहेर जाता कामा नये. गेलं तर घड्याळ अडकतं, टोचतं आणि पळताना फिरतं. दुकानात नुसतं बघू नका, हातावर बांधून हात झटकून बघा. रात्री दिसायला दिवा आहे का, सेल कुठे बदलून मिळेल, पावती आणि वॉरंटी मिळते का, हेही विचारा.

आता वेळा. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले की दुबईला सकाळचे साडेदहा, म्हणजे दीड तास मागे. सिंगापूरला अडीच तास पुढे, दुपारचे अडीच. नेपाळ आपल्यापेक्षा फक्त १५ मिनिटं पुढे. या तिन्ही ठिकाणी वर्षभर तोच फरक राहतो. लंडन आणि न्यूयॉर्कचं तसं नाही. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात परत मागे घेतात. म्हणून लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. उन्हाळ्यातला उजेड वापरून दिवाबत्तीचा खर्च वाचवायचा म्हणून पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनीने हे सुरू केलं आणि मग पुष्कळ देशांनी ते उचललं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं.

आमच्या ताईंच्या मुलीला ते माहीत नव्हतं. मार्च महिन्यात ती दोन दिवस गावाला जत्रेला गेली होती. बदलाची सूचना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आली, ती तिला दिसली नाही. तिचं काम न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ला सुरू होतं. हिवाळाभर ते आपल्या संध्याकाळच्या साडेसातला होतं, त्या सोमवारी साडेसहाला झालं. ती नेहमीप्रमाणे सव्वासातला पोचली. पाऊण तास उशीर लागला आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. तिने सांगून पाहिलं, पण ऐकून कोणी घेतलं नाही. १९०६ मध्ये गिरणी कामगारांची ३९ मिनिटं गेली, हिचा तास गेला. काटा दुसऱ्याने सरकवला आणि झळ हिला बसली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दोन देशांची वेळ दाखवणारी साधी, स्वस्त घड्याळं हा उन्हाळ्याचा तास आपोआप धरत नाहीत. त्या रविवारी बटण दाबून तो आपण चालू-बंद करावा लागतो. घड्याळ घेतलं म्हणून ज्ञान आलं असं होत नाही. म्हणून घरातलं कोणी परदेशी असेल किंवा परदेशी वेळेवर काम करत असेल, तर घरातल्या कॅलेंडरवर ते दोन रविवार लाल पेनाने आत्ताच गोल करून ठेवा.

आम्ही हे सगळं दुसऱ्या बैठकीत सांगितलं. आमच्या मावशींची लेक दुबईला नर्स आहे. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी सकाळी सहाला फोन लावते, तेव्हा तिकडे साडेचार असतात होय? बिचारी कधी बोलली नाही मला." थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग मावशींनीच सचिव ताईंना सांगितलं, "लिही ठराव."

ठरावाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. सचिव ताईंनी विचारलं, "कारण काय लिहू? वैयक्तिक?" एक जण म्हणाली, "हौस लिही." मावशी म्हणाल्या, "शिलाई मशीनला काय लिहिलंस? कामाचं साधन ना? मग हेही तेच." तसंच लिहिलं. दोन हजार रुपये, महिना दोन टक्के, पाच हप्ते. अकरा जणींनी सह्या केल्या. एक जण त्या दिवशी गैरहजर होती, तिने नंतर केली.

घड्याळ तिसऱ्या दुकानात मिळालं. काळा रबरी पट्टा, मनगटावर नीट बसणारं, दोन वेळा दाखवणारं. पहाटे ती मैदानावर पळते आणि तिची आई कट्ट्यावर बसून फेऱ्या मोजते. भरतीचा निकाल अजून लांब आहे. सेकंद कमी होतायत, एवढं मात्र ती रोज वहीत लिहिते. तीन हप्ते वेळेवर फिटले आहेत. नोव्हेंबरचा रविवार आला तेव्हा तिने आदल्या रात्रीच बटण दाबलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी मागणी येईल, जी ऐकून आधी हसू येईल. हसा, पण वही मिटण्याआधी तिच्या दिवसाचा हिशोब एकदा विचारा. ती किती वाजता उठते, कोणाच्या घड्याळाने कामाला जाते आणि तिचा स्वतःचा वेळ कोणता. आणि आज संध्याकाळी दोरा घेऊन एकमेकींची मनगटं मोजून बघा.